जुन्या ठाण्यात घर घ्यावं का? नौपाडा, चरई, टेंभी नाक्याच्या मंडळींनी सांगा

सायली_क

नमस्कार मंडळी. घराबद्दल सल्ला हवा आहे, जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सध्या घोडबंदर रोडला, कासारवडवलीत भाड्याने राहतो. आम्ही दोघं, थोरली चौथीत, धाकटा बालवाडीत आणि सासूबाई. आता स्वतःचं घर घ्यायचं चाललंय. ह्यांचं ऑफिस फोर्टला, माझं ऐरोलीला, म्हणजे दोघांनाही रोज ठाणे स्टेशन गाठावंच लागतं. मेट्रो सुरू झाली की चित्र बदलेल असं सगळे म्हणतात, पण आज तरी माजिवडा ओलांडेपर्यंतच आमचा जीव मेटाकुटीला येतो.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बाग आहे, पोहायचा तलाव आहे, मुलांना मित्र आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. पण गेटबाहेर जायचं म्हटलं की गाडी काढावी लागते. वही संपली, काढा गाडी. कोथिंबीर हवी, मागवा ॲपवरून. लेक अजून एकदाही एकटी दुकानात गेलेली नाही. सासूबाई गिरगावात वाढलेल्या. रोज पायी देऊळ, पायी भाजी, पायी वाचनालय अशी सवय, ती इथे आल्यापासून पार सुटली.

म्हणून नौपाडा, चरई, टेंभी नाका, खारकर आळी या पट्ट्यात घर बघतोय. तेवढ्याच पैशात जागा बरीच लहान मिळते आणि इमारती जुन्या आहेत. मुलं वाढवायला हा भाग आज कसा आहे? पंचवीस वर्षांपूर्वीच्या आठवणी नकोत, आत्ताचं सांगा.

चरईकर

सायलीताई, माझं सगळं आयुष्य चरईत गेलं, तेव्हा या भागाबद्दल मला माया आहे हे धरून वाचा.

इथे सगळं हाताशी आहे, कारण हे गाव मोटारी यायच्या आधी वसलं. मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वर, खाडीच्या अंगाला किल्ला, मधे बाजार. १७३७ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून घेतलं. कौपिनेश्वराचं देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं. पुढे इंग्रजांनी जिल्ह्याचं मुख्यालय इथे केलं, त्यामुळे कलेक्टर कचेरी, कोर्ट, मामलेदार कचेरी, सरकारी इस्पितळ, शाळा हे सगळं एकमेकांच्या जवळ आलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून इथेच थांबली. १८६३ ला नगरपालिका झाली. १८९३ ला मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, मुंबईतल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या पाच वर्षं आधी. कारकून, मास्तर, वकील पायी कामावर जायचे आणि पायीच घरी यायचे. त्यांना जेवढं चालवेल तेवढ्या अंतरात गाव बसलं.

त्याचा फायदा आज माझी नात घेते. शाळा, तबल्याचा क्लास, वाचनालय, डॉक्टर, आजोबा, सगळं पायी. तिच्या आईबापांना तिचं वेळापत्रक सांभाळायला गाडी घेऊन धावावं लागत नाही. तुमच्या सासूबाईंना सकाळी कौपिनेश्वर आणि येताना जांभळी नाक्यावरून भाजी एवढं जरी मिळालं तरी त्या खुलतील.

यशोधन_घोडबंदर

दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो. आम्ही उलटा प्रवास केला, नौपाड्यातून घोडबंदर रोडच्या ब्रह्मांड वसाहतीत आलो. कारण वडील. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. नंतर ते घरातच अडकले. खाली सगळं होतं, देऊळ, कट्टा, मित्र, पण खाली उतरायचं कसं? इथे आल्यावर लिफ्टने खाली उतरतात, बागेत बसतात, त्यांचा आठ-दहा जणांचा गट झाला आहे.

मुलांचं म्हणाल तर आमच्याकडे संध्याकाळी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, शंभरेक मुलं खेळतात, एकही गाडी आड येत नाही. नौपाड्याच्या गल्लीत आज क्रिकेट खेळून दाखवा. दोन्ही बाजूंना गाड्या, मधून रिक्षा आणि डिलिव्हरीवाले. सायलीताई, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते आधी पाहा आणि मग मजला ठरवा.

मृण्मयी_नौपाडा

यशोधन यांचा लिफ्टचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. खेळायच्या जागेचाही. पण मुलांचं बाहेर जाणं म्हणजे फक्त खेळणं नाही.

माझा मुलगा पाचवीत गेला तेव्हापासून ग्रंथसंग्रहालयात एकटा जातो. आधी मी त्याच्याबरोबर चालायचे. मग वीस पावलं मागे राहून चालायला लागले. मग गोखले रोड ओलांडेपर्यंत जायचे आणि तिथून परत फिरायचे. तो रस्ता एकच अवघड आहे, कारण वाहनं थांबत नाहीत. सिग्नलपाशी, चार माणसांबरोबरच ओलांडायचं असं त्याला पक्कं सांगितलं आहे. पलीकडे गेलं की इस्त्रीवाला, स्टेशनरीवाला, फुलवाली मावशी, सगळे त्याला नावाने ओळखतात. एकदा पावसात तो बराच वेळ एका दुकानाच्या वळचणीला उभा राहिला, तर दुकानदाराने मला फोन केला, "वहिनी, तुमचा बाबू इथे आहे, पाऊस ओसरला की पाठवतो." त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता, माझा मात्र त्याच्या उधारीच्या वहीत होता.

आता तो सुटे पैसे मोजून घेतो, पुस्तक मिळालं नाही तर काकांना विचारून दुसऱ्यासाठी चिठ्ठी देऊन येतो, अनोळखी मोठ्या माणसाशी नीट बोलतो. हे पोडियमवर शिकता येत नाही, कारण तिथे सगळी मुलंच असतात. मोठ्यांच्या जगात, मोठ्यांच्या नजरेखाली, पण आईबापांशिवाय वावरायला मिळणं ही या वस्तीची खरी श्रीमंती आहे. लहान घर घेऊनही आम्ही इथेच राहिलो त्याचं हेच कारण.

टेंभीनाका_पहिला_मजला

आत्ताचं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. नवरात्राचे दिवस आमच्याकडे अवघड असतात. टेंभी नाक्याची देवी आनंद दिघे यांच्या काळापासून सगळ्या जिल्ह्याची झाली, गर्दी अफाट. रस्ते बंद, रिक्षा मिळत नाही, रात्री आवाज. दहीहंडीच्या दिवशीही तेच. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्या दिवसांची सोय आधी करून ठेवावी लागते. मी त्या काळात आईला बहिणीकडे पाठवतो.

वर्षाचे उरलेले दिवस मात्र आमच्या नाक्यासारखा शेजार मला दुसरीकडे कुठे दिसला नाही. १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू लोकांचं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर), जवळच पारशांची अग्यारी, तलावाकडे गेलं की पोर्तुगीजांच्या वेळचं सेंट जॉन चर्च, आणि पुढे कौपिनेश्वर. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत. माझ्या मुलीच्या वर्गात एक बेने इस्रायली मुलगी होती, घरी अस्सल मराठी बोलणारी. तिच्याकडून माझ्या मुलीला शब्बाथ, त्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, कळला, तिला आमच्याकडून चैत्रगौर. कुणी मुद्दाम शिकवायला बसलं नव्हतं.

स्थापत्य

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, या भागातल्या इमारतींचं ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करतो. इथे घर घेणाऱ्याने शाळा आणि देवळाच्या आधी इमारतीकडे बघावं.

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीकडे अहवाल मागा. नुसतं "झालंय हो" यावर जाऊ नका, कागद डोळ्यांनी बघा. महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रहिवासी आत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ मधलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी तुमच्यासारख्या कुटुंबाने लांब राहावं.

इमारत बघायला भर पावसात जा. जिन्याखाली, गच्चीखालच्या मजल्यावर आणि संडास-न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर नजर टाका. स्लॅबचं कव्हर सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर नुकताच दिलेला रंग काही कामाचा नाही. आणि परिसरही पावसातच कळतो. चिखलवाडी, वंदना सिनेमाच्या आसपासचा भाग इथे दरवर्षी पाणी भरतं. तळमजला घेणार असाल तर जुन्या शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं.

मग पुनर्विकास. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीशी बांधला आहे. ९ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत हात फार आखडतात. नौपाड्यातल्या कितीतरी चांगल्या सोसायट्या याच कारणाने अडकून पडल्या आहेत, बिल्डर येतो, गल्ली मोजतो आणि परत जातो. त्यामुळे "लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार" हे वाक्य दलालाने सांगितलं तर टेप घेऊन रस्ता मोजा.

खारकर_आळी

स्थापत्य यांना धन्यवाद. पुढचं मी सांगते, कारण आम्ही त्यातून जातोय.

आमची इमारत पाडली. बिल्डरने सुरुवातीला पर्यायी जागेचं भाडं वेळेवर दिलं, नंतर ते थकलं. काम जोत्याच्या वर सरकेना. चाळीस वर्षं एका जिन्यावर राहिलेली माणसं आज कळवा, डोंबिवली, बदलापूर अशी पांगली. शेजारच्या दोन आजी या काळात गेल्या, नवीन घर न बघताच. इमारत उभी राहील, पण ते शेजारपण पुन्हा कसं उभं राहणार हा प्रश्न मला छळतो.

सायलीताई, पुनर्विकासात असलेलं घर घेत असाल तर आधी जमीन सोसायटीच्या नावावर आहे का बघा. खरेदीखत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं आहे का? प्रत्येक सभासदाचा कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत आहे का? बँक हमी घेतली आहे का? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सर्वसाधारण सभेत ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर पुनर्विकास ठरू शकतो. म्हणजे तुमचा विरोध असला तरी इमारत जाऊ शकते, हेही धरून चला. आणि पागडीची जागा असेल तर वेगळा वकील गाठल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

यशोधन_घोडबंदर

खारकर आळी, वाचून वाईट वाटलं. आमच्या जुन्या इमारतीचंही असंच होतंय की काय ही धास्ती आहे, भाऊ अजून तिथेच राहतो.

एक विचारतो. पुनर्विकास झाला तरी हा भाग आज आहे तसा राहणार का? चार मजल्यांच्या जागी पंधरा मजले, खाली दोन पार्किंगचे मजले. त्याच गल्लीत तिप्पट गाड्या. मृण्मयी यांचा मुलगा ज्या रस्त्याने वाचनालयात जातो त्याच रस्त्यावर.

मृण्मयी_नौपाडा

यशोधन, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. आमच्या गल्लीत हेच दिसतंय. पूर्वी तळमजल्याला पिठाची गिरणी होती, शिंपी होता, ओट्यावर दोन आजोबा पेपर वाचत बसायचे. आता तिथे बंद शटरमागे पार्किंग आणि दारावर सीसीटीव्ही. कॅमेरा काही कुणाच्या आईला फोन करत नाही. रस्त्यावर बघणारी माणसं कमी झाली की मुलांना सोडायची हिंमत कमी होते, आणि मुलं दिसेनाशी झाली की बाकीच्यांचीही होते.

म्हणून आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची बोलणी चालू झाली तेव्हा आम्ही काही बायकांनी धरून लावलं की तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने दुकानं ठेवा, गिरणीवाल्याला त्याची जागा परत द्या, आणि फाटकाजवळ बसायला दगडी बाक करा. आर्किटेक्टने नकाशात घेतलंय. होईल तेव्हा खरं, पण मागितल्याशिवाय तर कुणीच देत नाही.

गावदेवीजवळ

आमच्या मुलीला व्हीलचेअर लागते, त्या बाजूनेही लिहायला हवं. पायी फिरण्याचं इथे सगळे कौतुक करतायत, पण गोखले रोड आणि राम मारुती रोडचे फुटपाथ मधेच तुटतात, मधेच दुकानाची पायरी बाहेर येते, मधेच विजेचा डीपी बॉक्स. बाबागाडी ढकलणाऱ्यांनाही हाच त्रास. आम्ही सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत बाहेर पडतो. तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाने, सकाळी छान फिरता येतं. पाचपाखाडीत महापालिकेजवळच्या कचराळी तलावाभोवतीचा फेराही चांगला आहे, आमची रविवारची ठरलेली जागा तीच.

एवढं असून आम्ही इथून हललो नाही. कारण फिजिओथेरपी, शाळा, औषधाचं दुकान हे सगळं जवळ आहे आणि रिक्षावाले ओळखीचे आहेत. तिला उचलून बसवायला त्यांना सांगावं लागत नाही.

सायली_क

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर नाही हे पक्कं केलं. अजून दोन गोष्टी विचारते. शाळांचं काय? लेक मराठी माध्यमात आहे, तेच पुढे चालू ठेवायचं आहे. आणि संध्याकाळी, सुट्टीत मुलांना काय असतं?

मृण्मयी_नौपाडा

मराठी माध्यम हवं असेल तर या भागात निवडीला जागा आहे, हे आता मुंबईतही सगळीकडे म्हणता येत नाही. सरस्वती, विष्णुनगरला डॉ. बेडेकर विद्यामंदिर, स्टेशनकडे मो. ह. विद्यालय. बेडेकर शाळा विद्या प्रसारक मंडळाची, ही संस्था १९३५ पासूनची. चेंदणीला खाडीकाठी त्यांचीच कॉलेजं आहेत. प्रवेशाचं मात्र प्रत्यक्ष शाळेत जाऊनच विचारा. पाचवीला जागा असतात का हे वर्षावर अवलंबून.

संध्याकाळचं म्हणाल तर गडकरी रंगायतन तलावाच्या काठीच, १९७८ पासून. मे महिन्यात बालनाट्य लागतात, चालत जायचं आणि चालत यायचं. घंटाळीला योगाचे वर्ग आहेत, सासूबाईंनाही चालतील. जानेवारीत सरस्वतीच्या पटांगणात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते, आमचे सासरे एकही दिवस चुकवत नाहीत. गुढीपाडव्याला कौपिनेश्वराहून स्वागतयात्रा निघते. दिवाळी पहाटेला मात्र राम मारुती रोड आणि तलावपाळी तरुण मुलांनी ओसंडून वाहतात, लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत शिरू नका.

चरईकर

एक भर. पावसाळ्याच्या तोंडावर सासूबाईंना घेऊन बाजारात या. येऊरच्या आणि शहापूर-मुरबाडकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. पहिल्या पावसाच्या सुमाराला शेवळं येतात, थोडेच दिवस मिळतात. शेवळांबरोबर काकडं, ती आंबट रानफळं, मागून घ्या, ती घातली नाहीत तर घसा खाजतो. नंतर टाकळा, कुरडू, कंटोळी. त्या बायका भाजी कशी निवडायची, कशात घालायची ते सांगतात, घाई करत नाहीत. माझ्या नातीला तिथेच कळलं की शेवळाचं पातं सोलून आतला पिवळा भाग काढून टाकायचा. ॲपवर शेवळं मागवून बघा, मिळाली तर मला कळवा.

सायली_क

काका, आमच्या घरी शेवळं म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण! या रविवारी दोन घरं बघायला येतोय. एक चरईत पहिल्या मजल्यावर, दुसरं स्टेशनच्या पूर्वेला कोपरीत. कोपरीतलं थोडं मोठं आहे आणि इमारतीला लिफ्ट आहे. ऑडिटचे अहवाल दोन्हीकडे मागितले आहेत. पूर्वेबद्दल कुणी सांगू शकेल का?

कोपरी_पूर्व

मी सांगतो. कोपरी शांत आहे, स्टेशन पायी गाठता येतं, दुकानं भरपूर आहेत. पूर्वीचा चेंदणी कोळीवाडा रेल्वेमुळे दोन भागांत पडला, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. आमचे नातेवाईक दोन्हीकडे आहेत, आणि सणावाराला रुळांच्या अल्याड-पल्याड ये-जा चालूच असते. पण शाळा, ग्रंथसंग्रहालय, रंगायतन सगळं पश्चिमेला. रोज स्टेशनचा पादचारी पूल ओलांडावा लागेल, आणि सकाळी सात ते दहा त्या पुलावर चौथी-पाचवीतल्या मुलीने एकटीने जावं असं मी म्हणणार नाही. गर्दीच्या लोंढ्यात मोठी माणसंही ढकलली जातात. शाळा दुपारची असेल तर गोष्ट वेगळी, त्या वेळी पूल मोकळा असतो. तेव्हा घर ठरवायच्या आधी शाळेची वेळ विचारा, आणि रविवारी न येता एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन तो पूल ओलांडून बघा.